विकिपीडियावर माझं पान का टिकत नाही? उल्लेखनीयता आणि स्वप्रसिद्धीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी विकिपीडियावर नवं खातं उघडून पहिलंच पान स्वतःच्या, साहेबांच्या किंवा संस्थेच्या नावाने करणारे लोक सतत येत असतात. ते पान काही तासांत नाहीतर काही दिवसांत उडतं, आणि मग चर्चापानावर (प्रत्येक लेखाला आणि सदस्याला जोडलेलं बोलण्याचं पान) विचारणा सुरू होते. प्रश्न तेच असतात, फक्त सूर बदलतो: कधी अजिजीचा, कधी वकिलाच्या नोटिशीचा. नियमांची पानं विकिपीडियावर आहेतच. ते नियम प्रत्यक्षात कसे लागतात, एवढंच इथे सांगितलं आहे.

माझं पान कुणी काढलं आणि का?

त्याच नावाचं पान पुन्हा उघडून बघा. पान वगळल्याची नोंद दिसेल. त्यात वगळणाऱ्या प्रचालकाचं (पानं वगळायचा अधिकार असलेल्या सदस्याचं) सदस्यनाव, तारीख, वेळ आणि कारण असतं. कारणं बहुतेक वेळा तीनपैकी एक: मजकूर जाहिरातवजा होता, विषयाची उल्लेखनीयता दिसत नव्हती, किंवा मजकूर दुसऱ्या संकेतस्थळावरून उचललेला होता. कधीकधी तिन्ही.

प्रचालक म्हणजे वर्तमानपत्राचा संपादक नव्हे. त्याला पगार नाही, कार्यालय नाही. तो तुमच्या-आमच्यासारखाच नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी 'अलीकडील बदल' ही ताज्या संपादनांची यादी चाळणारा माणूस आहे. मराठीत असे प्रचालक मोजकेच आहेत. त्यांचा फोन नंबर शोधून काढू नका. त्यांच्या चर्चापानावर लिहा.

उल्लेखनीयता म्हणजे नेमकं काय? मी नालायक आहे असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. आयुष्यभर चाळीस मुलं दत्तक घेऊन वाढवणारी बाई विकिपीडियाच्या हिशेबात उल्लेखनीय नसू शकते आणि एखादा नामचीन घोटाळेबाज असू शकतो. ही कसोटी थोरवीची नाही, चारित्र्याचीही नाही. तुमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी, छापण्याआधी तपासणी होते अशा ठिकाणी, तुमच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे का, एवढंच त्यात विचारलं जातं. सविस्तर म्हणजे नुसता नामोल्लेख नव्हे. आणि असं लिखाण एकाहून जास्त ठिकाणी हवं.

एवढी कटकट कशासाठी? कारण विकिपीडियाचे लेखक निनावी असतात. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या प्रमुख संपादकाची जबाबदारी त्यामागे असते. विकिपीडियावर तसं कुणीच नाही. 'सदस्य अमुक १२३' काय म्हणतो यावर वाचकाने का विश्वास ठेवावा? तो ठेवत नाही. तो खाली दिलेल्या संदर्भावर विश्वास ठेवतो. संदर्भच नसेल तर लेखातला मजकूर कुणाच्या तरी आठवणीतून, नाहीतर कुणाच्या तरी हेतूतून आलेला असतो, आणि त्यातलं खरं-खोटं करायला कुणाकडेच साधन उरत नाही.

माझ्याकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांची अख्खी फाइल आहे. ती पुरत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सावकाश बघू. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या कार्यकर्त्याची अशी फाइल समोर आहे असं समजा.

पहिलं कात्रण रंगीत आणि पूर्ण पानाचं. वर 'वाढदिवसानिमित्त अभीष्टचिंतन', मध्ये मोठा फोटो, बाजूने शुभेच्छुकांची नावं, आणि खाली अगदी बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात'. ही जागा विकत घेतलेली आहे. बाद. ते बारीक अक्षर नसलं तरी वाचणाऱ्याला कळतं.

दुसरं कात्रण रक्तदान शिबिराचं. सहा ओळींची बातमी, त्यातल्या चार ओळी नावांच्या, शेवटी 'आदी मान्यवर उपस्थित होते'. नाव छापून आलं, माहिती काहीच नाही. बाद.

तिसरं, चौथं आणि पाचवं कात्रण वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतलं, पण शेजारी ठेवून वाचलं तर वाक्य न् वाक्य सारखं. मथळासुद्धा. म्हणजे तिघांनी एकच प्रसिद्धीपत्रक छापलं आहे. ते स्वतः विषयाने किंवा त्याच्या माणसांनीच लिहिलेलं असतं, म्हणून तिन्ही मिळून स्वतंत्र संदर्भ शून्य.

सहावं कात्रण मुलाखतीचं. इथे घासाघीस होते. मुलाखतीत जन्मगाव, शिक्षण, पहिली नोकरी असे तपशील मिळतात आणि लेख अस्तित्वात असेल तर त्यात वापरताही येतात. पण मुलाखतीत बोलतो विषयच. त्यामुळे तेवढ्यावर उल्लेखनीयता ठरत नाही. मुलाखतीआधी वार्ताहराने स्वतः शोधून चार परिच्छेद लिहिले असतील, तर त्या चार परिच्छेदांना वजन आहे.

सातवं कात्रण म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेलं सदर. लेखक म्हणून छान, संदर्भ म्हणून बाद.

आठवं बघा. वार्ताहर गावात जाऊन आला आहे. पाणलोटाच्या कामाचं वर्णन आहे, खर्च कुणी केला ते आहे, दोन शेतकरी काय म्हणाले ते आहे, आणि वरच्या वाडीला अजून पाणी पोचत नाही ही तक्रारही आहे. काळंपांढरं आहे, फोटो पुसट आहे, आणि कार्यकर्त्याला हे कात्रण फारसं आवडत नाही म्हणून ते फाइलमध्ये तळाशी गेलं आहे. विकिपीडियाला हवं ते हेच. असं आणखी दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं सापडलं तर लेख उभा राहतो.

पुरस्कार भरपूर मिळालेत. ते तरी धरणार ना?

पुरस्कार कुणाचा त्यावर आहे. ज्ञानपीठ, पद्म, साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, महाराष्ट्र भूषण असे पुरस्कार मिळालेल्या माणसाबद्दल स्वतंत्र लिखाण सापडतंच, त्यामुळे वाद होत नाही. पण 'समाजभूषण', 'राष्ट्रीय एकता रत्न' असे पुरस्कार महाराष्ट्रात एकेका सभागृहात, एकेका दुपारी, पन्नास-पन्नास जणांना वाटले जातात, आणि शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्हाचा खर्च 'नोंदणी शुल्क' म्हणून सत्कारमूर्तींकडूनच घेतला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. ते घेणाऱ्यालाही माहीत असतं. लेखात अशा बत्तीस पुरस्कारांची यादी घातली की उलट तपासणाऱ्याची भुवई वर जाते.

मानद डॉक्टरेटचंही तेच. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करत असतो, ती आधी बघा. तसंही लेखाच्या शीर्षकात डॉ., प्रा., ह.भ.प., मा., आदरणीय यांपैकी काहीच लागत नाही.

आमचे साहेब राजकारणात आहेत. त्यांचं पान तरी व्हायला हवं.

आमदार, खासदार असतील तर हो. विधानसभेचे २८८, विधानपरिषदेचे ७८ आणि महाराष्ट्रातले लोकसभेचे ४८, आजी आणि माजी दोन्ही, सहसा उल्लेखनीय मानले जातात. नगरसेवक, सरपंच, पंचायत समिती सदस्य, पक्षाचे तालुकाध्यक्ष हे निव्वळ पदामुळे बसत नाहीत. त्यांच्याबद्दल आठव्या कात्रणासारखं काही असेल तरच. निवडणूक लढवणं पुरत नाही. 'भावी आमदार' ही पदवी फ्लेक्सवर चालते.

निवडणुका लागल्या की इच्छुकांच्या पानांचं पीक येतं आणि निकालानंतर ती पानं करणारी खाती गप्प होतात. 'अलीकडील बदल' नियमित बघणाऱ्याला तिकीटवाटपाचा हंगाम वर्तमानपत्राआधी कळतो.

निवडून आलेल्यांच्या पानांचा त्रास निराळा. तिथे स्वीय सहायक येऊन नको तो परिच्छेद काढतात. हे आपल्याकडेच होतं असं नाही. २००६ साली अमेरिकी काँग्रेसच्या संगणकांवरून लोकप्रतिनिधींच्या लेखांत असेच फेरफार झाल्याचं उघड झालं आणि ते जगभर छापून आलं. पुढच्याच वर्षी व्हर्जिल ग्रिफिथ नावाच्या विद्यार्थ्याने 'विकिस्कॅनर' नावाचं साधन केलं. कुठल्या कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या संगणकावरून कुठला बदल झाला ते त्यात कुणालाही शोधता येत होतं. काढलेला परिच्छेद लेखातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या 'इतिहास' पानावर तसाच राहतो, आणि तो कुणी काढला हेही.

स्वतःबद्दल लिहायला बंदी आहे का?

सक्त बंदी नाही, पण लिहू नका असं निक्षून सांगितलेलं आहे. भलेभले यात अडकलेत. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००५ साली स्वतःवरच्याच लेखात वारंवार बदल केले आणि लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक असा उल्लेख काढत राहिले. हे बदल इतिहास पानावर होते, लोकांनी ते शोधून काढले आणि वेल्स यांना जाहीरपणे चूक मान्य करावी लागली.

माणूस मुद्दाम खोटं लिहितो म्हणून हा नियम आहे असं नाही. स्वतःबद्दल लिहिताना काय सोडायचं हे कळत नाही, अडचण तिथे आहे. आपल्याला चौथीतली स्कॉलरशिपही महत्त्वाची वाटते आणि धंद्यातली खोट विसरायला होते. शिवाय स्वतःबद्दलची माहिती आपल्याला तोंडपाठ असते, म्हणून संदर्भ द्यायचं सुचतही नाही.

तुमच्या लेखात कुणी शिवीगाळ लिहिली, जन्मतारीख उघड चुकली, तर ते दुरुस्त करायला हरकत नाही. बाकी सगळ्यासाठी लेखाचं चर्चापान आहे. 'हा लेख माझ्याबद्दल आहे, अमुक वाक्य चुकीचं आहे, हा घ्या संदर्भ' असं तिथे लिहा. दुसरा कुणीतरी बघून बदल करेल. वेळ लागतो, हे खरं आहे.

मी संस्थेत नोकरीला आहे. पान करायचं काम मला सांगितलंय. मी काय करू?

आधी सांगून टाका. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने आपण कुणाकडून पैसे घेतो आणि कुणासाठी काम करतो ते जाहीर करावं, ही अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींमध्ये जून २०१४ पासून आहे. पगारात ते काम येत असेल तरी अट लागू होते. जाहीर कुठे करायचं? तुमच्या सदस्यपानावर, लेखाच्या चर्चापानावर किंवा बदलाच्या सारांशात, कुठेही चालेल. 'मी अमुक महाविद्यालयाच्या जनसंपर्क विभागात काम करतो' एवढं एक वाक्य पुरतं. ते लिहिणाऱ्याशी लोक नीट बोलतात, हा अनुभव आहे. लपवणारा पकडला गेला की त्याने केलेले चांगले बदलही संशयात सापडतात.

आणि मग साहेबांना जाऊन सांगा की पान झालं तरी ते संस्थेच्या मालकीचं नसेल. संस्थेवर चौकशी बसली तर तेही तिथे येईल. बरेच साहेब एवढं ऐकल्यावर विचार बदलतात.

'वीस हजारांत पान करून देतो, गॅरंटी' असा फोन आला. खरं आहे का?

नाही. विकिपीडिया पान करायचे पैसे घेत नाही, आणि पान टिकेल याची हमी कुणीही, अगदी प्रचालकही, देऊ शकत नाही.

ही टोळधाड जगभर आहे. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर 'ऑरेंजमूडी' या नावाने ओळखलं जाणारं प्रकरण उघडकीला आलं आणि एका दमात ३८१ खाती बंद करण्यात आली. त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. ज्यांचे मसुदे नाकारले गेलेत असे छोटे व्यावसायिक आणि कलाकार हेरायचे, आपण विकिपीडियाचे अनुभवी संपादक आहोत असं भासवून पैसे घ्यायचे, पान करून द्यायचं, आणि नंतर 'पान सुरक्षित ठेवायचं असेल तर दर महिन्याला इतके द्या' अशी खंडणी सुरू करायची. चौकशीनंतर त्यांनी केलेले दोनशेच्या वर लेख वगळले गेले. पैसे गेले, पानही गेलं. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या 'विकी-पीआर' कंपनीशी जोडलेली शेकडो खाती अशीच बंद झाली होती. भारतातही एका मॅनेजमेंट संस्थेच्या लेखाची वर्षानुवर्षं राखण करणारं खातं होतं. ते चक्क इंग्रजी विकिपीडियाच्या प्रचालकाचं निघालं आणि २०१५ मध्ये त्यावर बंदी आली.

जाहिरातवजा लिखाण म्हणजे कसं? आम्ही तर फक्त खरं लिहिलं होतं.

वानगीदाखल एक वाक्य घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, भाषा मात्र रोज दिसणारी:

'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून जिद्दीच्या जोरावर पुढे आलेले, युवकांचे प्रेरणास्थान, सर्वसामान्यांच्या सुखदुःखात धावून जाणारे यशस्वी उद्योजक श्री. अबक यांनी २०१२ साली आपल्या दूरदृष्टीतून दुग्धप्रक्रिया उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली आणि आज हा उद्योग यशाची नवनवी शिखरे पादाक्रांत करत आहे.'

आता कात्री चालवू. 'अत्यंत प्रतिकूल' कुणी ठरवलं? 'प्रेरणास्थान' कुणाचं, हे कुठल्या पाहणीतून कळलं? 'दूरदृष्टी' तेव्हा होती की यश आल्यावर चिकटवली? शिखरं किती? 'श्री.' लागत नाही. उरलं एवढं: 'अबक यांनी २०१२ साली दुग्धप्रक्रिया उद्योग सुरू केला.' ठीक. कुठे? रोजची क्षमता किती लिटर? कुणी लिहिलंय? याची उत्तरं संदर्भासह मिळाली तर तीन ओळींचा कोरडा पण शाबूत लेख होतो. नाही मिळाली तर मूळ वाक्यात विशेषणांखाली काहीच नव्हतं.

मराठीची एक खास अडचण आहे. आपल्याकडे सत्काराची भाषा आणि चरित्राची भाषा वेगळी ठेवायची सवय नाही. गौरवग्रंथ, स्मरणिका, मानपत्र, श्रद्धांजली यांतलं गद्य इतकं कानात बसलेलं असतं की बऱ्याच जणांना ते प्रचारकी वाटतच नाही, आदरार्थी वाटतं. म्हणून लेख उडाला की ते दुखावतात. राग समजण्यासारखा आहे, पण लेख तसा राहू शकत नाही.

फलाण्याचं पान आहे. मग माझंच का नको?

कदाचित त्याचंही नको असेल, अजून कुणाची नजर गेली नसेल. त्या पानावर हरकत घ्या. त्यामुळे तुमचं पान व्हायला मात्र मदत होणार नाही.

इंग्रजीत मसुदा नाकारला गेला. मराठीत टाकला तर?

प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो, हे बरोबर. मराठी विकिपीडिया मे २००३ पासून स्वतंत्रपणे चालतो. पण इंग्रजीत हुकलेले लोक माणसं कमी आहेत म्हणून छोट्या भाषांकडे वळतात, हे इथल्या जुन्या सदस्यांना पुरतं ठाऊक आहे. यंत्राने भाषांतर केलेला, 'ते एक बहुआयामी व्यक्तिमत्त्व आहेत' अशा थाटाचा, एकाच आठवड्यात पाच भारतीय भाषांत आलेला लेख लगेच ओळखू येतो.

उलट बाजू मात्र खरी आहे. इंग्रजीत ज्यांना कुणी विचारत नाही, पण मराठीत ज्यांच्यावर भरपूर छापलं गेलंय, असे कीर्तनकार, नाटककार, दिवाळी अंकांचे संपादक, इतिहास संशोधक इथे हक्काने बसतात. संदर्भ मराठीत असले म्हणून त्यांचं वजन कमी होत नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या चरित्रकोशात स्वतंत्र नोंद असलेल्या माणसाबद्दल निर्धास्त लेख करा.

आमच्या गावाबद्दल लिहिता येईल का?

जरूर. जनगणनेत नोंद असलेलं गाव लेखासाठी सहसा पात्र मानलं जातं, त्याला थोर असावं लागत नाही. तालुका, जिल्हा, २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या, जवळची नदी, पिकं, ग्रामदैवताची यात्रा कोणत्या तिथीला भरते, गॅझेटियरमध्ये उल्लेख असेल तर तो: गावातल्या माणसाने लिहावं असं यात भरपूर आहे.

बिघडतं कुठे, तर दोन दिवसांनी त्याच लेखात 'गावातील प्रतिष्ठित व्यक्ती' असा विभाग येतो. मग आजी-माजी सरपंच, मग भावकीतल्या दुसऱ्या गटाची नावं, मग आधीची नावं काढणं, मग मोबाइल नंबर. गणेश मंडळ, पतसंस्था आणि क्रिकेट क्लबची रांग मागून येते. हा विभाग सुरूच करू नका. गाव 'निसर्गरम्य' आहे आणि लोक 'गुण्यागोविंदाने नांदतात' हेही राहू द्या.

आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते. त्यांच्याबद्दल कुठेच काही नाही, म्हणून मला लिहायचंय.

हेतू स्वप्रसिद्धीचा नाही हे दिसतं, आणि अशा वेळी नाही म्हणताना कुणालाच बरं वाटत नाही. पण 'कुठेच काही नाही' हीच अडचण आहे. विकिपीडिया आधी छापलेल्यावर उभा राहतो, पहिल्यांदा सांगायची ती जागा नव्हे. १९७२ साली मिळालेला ताम्रपट घरात असणं अभिमानाचं आहे. पण तो सन्मान हजारोंना मिळाला, त्यावर एकट्याचं चरित्र लिहिता येत नाही.

दुसरे रस्ते आहेत. जिल्हा गॅझेटियर बघा, जुन्या वर्तमानपत्रांचे अंक असलेलं ग्रंथालय गाठा. साताऱ्याचं प्रतिसरकार, १९४२चं चिमूर-आष्टी, हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९५५चा गोव्यातला सत्याग्रह, यांपैकी ज्यात आजोबा होते त्या घटनेच्या लेखात संदर्भासह भर घाला. घरातली पत्रं, डायरी एखाद्या संशोधकाला दाखवा. त्यावर त्याने स्वतंत्रपणे लिहिलं तर उद्या तोच संदर्भ होईल. आणि आजोबांनी पुस्तक लिहिलं असेल, त्यांना जाऊन साठ वर्षं उलटली असतील, तर ते प्रताधिकारमुक्त होतं आणि मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयावर अख्खं चढवता येतं.

म्हणजे ज्यांच्याबद्दल कुणी लिहिलंच नाही ते कायमचे बाहेर? हे अन्यायाचं नाही का?

आहे. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

डॉना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण जगजाहीर आहे. मे २०१८मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याबद्दलचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि त्या दिवशी त्यांचा लेख झाला. तपासणाऱ्याने नियम मोडला नव्हता. मसुद्यात दिलेले संदर्भ खरोखरच तोकडे होते. पण एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईबद्दल तोवर इतकं कमी का लिहिलं गेलं होतं, हा प्रश्न उरतोच. विकिपीडियाला हे कोडं सोडवता येत नाही. जगाने ज्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, त्यांच्याकडे विकिपीडियाचंही होतं.

मराठीत हे जास्त बोचतं. तमाशाच्या फडात चाळीस वर्षं ढोलकी वाजवलेला माणूस, जात्यावरच्या शेकडो ओव्या तोंडपाठ असलेली आजी, वस्तीत शाळा चालवणारी कार्यकर्ती यांच्या नावावर छापील ओळ नसते. आणि पुरवणी विकत घेणाऱ्याच्या नावावर अख्खं पान असतं. २०११मध्ये लेखक-संशोधक अचल प्रभला यांनी तोंडी माहितीला संदर्भ मानता येईल का, याचा प्रयोग मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका भाषेत करून पाहिला. त्यावर पुष्कळ चर्चा झाली, नियम मात्र बदलला नाही. माझ्या मते न बदलला ते बरंच झालं. ती वाट उघडली की ढोलकीवाल्याआधी 'भावी आमदार' आत शिरले असते. तुम्हाला त्या ढोलकीवाल्याबद्दल कळकळ असेल तर आधी एखाद्या मासिकात, दिवाळी अंकात, विद्यापीठाच्या प्रबंधात त्याच्यावर लिहा. लेख विकिपीडियावर मग दुसऱ्या कुणीतरी करावा.

माझ्याबद्दल लेख आहे आणि त्यात बदनामीकारक मजकूर आहे. काय करू?

जिवंत व्यक्तीबद्दलचा बिनसंदर्भ वादग्रस्त मजकूर ताबडतोब काढावा, असाच नियम आहे. चर्चापानावर नेमकं वाक्य दाखवा. प्रकरण गंभीर असेल तर स्वयंसेवकांच्या मदत पथकाला ईमेल करता येतो. हा नियम एवढा कडक का झाला, तर २००५ साली अमेरिकी पत्रकार जॉन सीगनथॅलर यांच्या चरित्रात केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारं खोटं वाक्य कुणीतरी गंमत म्हणून घातलं आणि ते चार महिने तसंच होतं.

मजकूर नकोसा आहे पण संदर्भ पक्का आहे, असं असेल तर मात्र तो राहणार. वकिलाची धमकी देण्याआधी एएनआयचं प्रकरण आठवा. या वृत्तसंस्थेने आपल्यावरच्या लेखातल्या मजकुरावरून २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्या खटल्यावरच विकिपीडियात लेख झाला, उच्च न्यायालयाने तो काढायला सांगितला, आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मूळ लेख ज्यांनी कधी वाचला नसता, त्यांनी या सगळ्यात तो वाचला.

गुगलवर उजवीकडे माझी चौकट यावी म्हणून पान हवंय. आणि माझ्या संकेतस्थळाचा दुवा?

ती चौकट गुगल ठरवतं, विकिपीडिया नाही. दुव्यांबद्दल सांगायचं तर २००७पासून विकिपीडियातल्या बाहेरच्या दुव्यांवर 'नोफॉलो' खूण असते. त्यामुळे शोधयंत्रातला क्रमांक वाढवायला ते दुवे उपयोगाचे नाहीत.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

भाषा गुळगुळीत होते आणि संदर्भ बनावट निघतात: न छापलेली पुस्तकं, न उघडणारे दुवे. न तपासता टाकलेले असे लेख झटपट वगळायची तरतूद इंग्रजी विकिपीडियाने २०२५मध्ये केली. मराठीतही ते ओळखू येतात. 'महत्त्वपूर्ण योगदान' चार ओळींत तीनदा आलं की समजावं.

मित्राच्या खात्यावरून केलं तर कळेल का?

बहुधा. मित्राचं खातं त्याच दिवशी उघडलेलं असतं आणि त्यालाही फक्त तुमच्यातच रस असतो. संशय बळावला तर खाती तांत्रिकदृष्ट्या ताडून बघायचे अधिकार असलेले सदस्य आहेत. मग दोन्ही खाती बंद होतात.

फोटो तरी लावू द्या. माझाच आहे.

तुमचा चेहरा आहे. प्रताधिकार सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो. स्टुडिओत तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर, वेगळा करार नसल्यास, भारतीय कायद्याने प्रताधिकार तुमचा असतो. सेल्फी असेल तर प्रताधिकार तुमचा, पण कॉमन्सवर (विकिपीडियाला चित्रं पुरवणाऱ्या मुक्त संग्रहावर) ज्याचा शैक्षणिक उपयोग नाही असे खाजगी फोटो वगळले जातात.

सदस्यपानावर माझी ओळख लिहिली तर चालेल ना?

चालेल. कोण आहात, कुठले आहात, कोणत्या विषयात रस आहे, कोणत्या लेखांवर काम केलंय. पूर्ण जीवनपट, व्यवसायाचे दर आणि संपर्क क्रमांक नकोत. ज्याने दुसरं एकही संपादन केलेलं नाही आणि सदस्यपान मात्र दोन हजार शब्दांचं आहे, त्याचं तेही पान वगळलं जातं. शिकायचं असेल तर धूळपाटी आहे, तिथे हवं ते करून बघा.

माझं पान वगळलं गेलं, मजकुराची दुसरी प्रत माझ्याकडे नाही. परत मिळेल का?

सहसा मिळतो. वगळलेलं पान वाचकांना दिसत नाही, पण प्रचालकांना दिसतं. ज्याने वगळलं त्याच्या चर्चापानावर पानाचं नेमकं नाव देऊन विनंती करा. तो मजकूर ईमेलने पाठवू शकतो. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उचललेला असेल तर देणार नाही. सदस्यखात्यात ईमेल पत्ता नोंदवलेला आहे ना, ते आधी तपासा. बरेच जण इथेच अडकतात.